दळणाचं ओझं आणि बाईचा खांदा

राणीसावरगाव हे परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यातलं मोठं गाव, गोदावरीच्या दक्षिणेला, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं. बाहेरच्या माणसाला ते रेणुकादेवीच्या ठाण्यामुळे माहीत असतं. तालुक्याचं गाव गंगाखेड, ते जनाबाईचं. या भागाचा इतिहास लिहायचा म्हटलं की देवस्थान, निजामी राजवट, सप्टेंबर १९४८ मधली मुक्ती आणि १९७२ चा दुष्काळ हे टप्पे ठरलेले असतात. रोज पहाटे घराघरांत ज्वारी दळली जात होती, कित्येक शतकं दळली जात होती, ही गोष्ट या इतिहासात येत नाही. आली तरी ओव्यांच्या निमित्तानं येते, म्हणजे गाणं येतं, दळणारी पाठ येत नाही. माझं म्हणणं असं, की घरातलं जातं थांबलं ही इथल्या बाईच्या शरीराच्या इतिहासातली सर्वांत मोठी सुटका आहे. ती इतकी उशिरा झाली याला साधनांची वाण कारणीभूत नव्हती. त्या खांद्याचा खर्च कुणी हिशेबात धरलाच नव्हता, हे खरं कारण. ‘जात्यामुळे आपल्या आज्या-पणज्या कशा ठणठणीत होत्या’ हे वाक्य आज व्याख्यानांतून, आरोग्यविषयक लेखांतून सर्रास ऐकू येतं. ते तपासून पाहायचं तर सुरुवात खांद्यापासून करावी लागते.

खांद्याचा सांधा शरीरातला सर्वांत मोकळा आणि म्हणूनच सर्वांत बेभरवशाचा सांधा. दंडाच्या हाडाचा गोल माथा फऱ्याच्या उथळ खोबणीत टेकलेला असतो. बशीत लिंबू ठेवावं इतकाच त्याला हाडाचा आधार. फरा स्वतः छातीच्या पिंजऱ्याला हाडानं जोडलेला नाही; गळ्याजवळच्या हाडाचा तेवढा एक दुवा, बाकी सगळा भार स्नायूंवर. सतरा स्नायू एकट्या फऱ्याला येऊन चिकटतात. जात्यावर बसलेली बाई एक पाय लांब सोडते, दुसरा दुमडते, एका हातानं खुंटा धरते आणि दुसऱ्या हातानं वैरण घालते. खुंटा पुढे रेटताना छातीचा मोठा स्नायू आणि डेल्टॉइडचा पुढचा भाग काम करतो. तो वळवून जवळ घेताना पाठभर पसरलेला लॅटिसिमस डॉर्साय, डेल्टॉइडचा मागचा भाग आणि फऱ्याला कण्याकडे खेचून धरणारे ट्रॅपेझियस व ऱ्हॉम्बॉइड कामाला लागतात. हे चालू असताना रोटेटर कफ म्हणून ओळखले जाणारे चार छोटे स्नायू दंडाचा माथा खोबणीतून घसरू देत नाहीत. कण्याच्या दोन्ही बाजूंचे उभे स्नायू पुढे झुकलेलं धड सावरून धरतात, त्यांना प्रत्येक फेऱ्यात ढिलं व्हायला क्षणभरही मिळत नाही. पाठीत उसण भरते ती इथे.

आता दगड किती वजनाचा ते पाहू. मराठवाड्यातलं जातं काळ्या पाषाणाचं, म्हणजे बेसाल्टचं. या दगडाची घनता पाण्याच्या जवळजवळ तिप्पट. वरचा दगड ४० सेंटिमीटर रुंद आणि ८ सेंटिमीटर जाड धरला, तर त्याचं वजन २८–२९ किलो भरतं. तो उचलायचा नसतो, फिरवायचा असतो, हे खरं; पण मधे दाणा असतो आणि दाण्याचं घर्षण प्रत्येक फेऱ्याला नव्यानं मोडावं लागतं. आठ माणसांच्या घराला रोज साडेतीन-चार किलो ज्वारी लागते असं धरा. मिनिटाला तीस फेरे आणि दोन तासांचं दळण धरलं, तर एका पहाटेत तीन हजार सहाशे वेळा तेच रेटणं आणि तेच ओढणं होतं. समोर जाऊ किंवा नणंद बसली असेल तर हा भार वाटून जातो. एकीचं रेटणं संपतं तिथे दुसरीचं ओढणं सुरू होतं, आणि दोघींच्या स्नायूंना अर्ध्या फेऱ्याची उसंत मिळते. एकटीला ती नाही.

या श्रमाची नोंद हाडांवर राहते, हे पुरातत्त्वानं दाखवून दिलं आहे. सीरियातल्या अबू हुरेरा इथल्या नवाश्मयुगीन सांगाड्यांचा अभ्यास थेया मॉलेसन यांनी केला आणि १९९४ मध्ये तो सर्वसामान्य वाचकांपुढे मांडला. तिथल्या बायकांच्या पायाच्या अंगठ्यांना, गुडघ्यांना आणि कण्याच्या खालच्या मणक्यांना इजा झालेली होती, आणि दंडाच्या हाडावर डेल्टॉइड जिथे चिकटतो ती जागा उठावदार झालेली होती. गुडघ्यांवर बसून सपाट पाट्यावर धान्य पुढे-मागे रगडण्याची ही खूण. पुढे २०१७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मध्य युरोपातल्या प्राचीन शेतकरी बायकांच्या दंडांची हाडं आजच्या नौकास्पर्धेतल्या खेळाडू मुलींशी ताडून पाहिली. नवाश्मयुगातल्या बायकांचे दंड, शरीराच्या मानानं, या खेळाडूंपेक्षा ११ ते १६ टक्के अधिक मजबूत निघाले. त्यामागच्या संभाव्य कामांत संशोधकांनी धान्य दळण्याला महत्त्वाचं स्थान दिलं.

यावर रास्त आक्षेप असा येईल, की सीरिया आणि युरोपातली हाडं घेऊन गंगाखेडच्या बाईबद्दल काय बोलता? शिवाय तिथे पाटा होता, इथे फिरतं जातं. आक्षेप निम्मा बरोबर आहे. महाराष्ट्रातही आधी पाटाच होता. भीमेच्या खोऱ्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथले सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी सपाट दगडावरच धान्य रगडत होते. फिरतं जातं पुढे, सातवाहनांच्या काळात आलं, ह. धी. सांकलियांच्या नेतृत्वाखाली नेवाशाला झालेल्या उत्खननात त्या काळाच्या थरांतून अशी जाती मिळाली. त्यामुळे अबू हुरेराच्या बायकांचे झिजलेले अंगठे मराठवाड्याच्या बायकांच्या माथी मारता येणार नाहीत. गुडघ्यांवरचं बसणं गेलं, तशी ती इजाही गेली असणार. जात्यावर हात खांद्याच्या वर उचलावा लागत नाही, म्हणून खांद्याच्या वरच्या हाडाखाली स्नायू चेपण्याचा जो विकार असतो, तो दळण्यापेक्षा उखळात मुसळ घालण्यानं आणि डोक्यावर पाणी वाहण्यानं अधिक होईल, हेही मान्य करायला हवं. पण मुद्दा त्यानं मोडत नाही. फिरतं जातं ही दळणाऱ्या बाईला मिळालेली पहिली सवलत होती, एवढंच त्यातून ठरतं. दुसरी सवलत इंजिनाच्या गिरणीची. या दोहोंमध्ये दोन हजार वर्षांचं अंतर आहे, आणि इतिहासकाराला प्रश्न पडायला हवा तो या अंतराचा.

दोन हजार वर्षांत हा देश काही हातावर हात ठेवून बसला नव्हता. विहिरीचं पाणी काढायला मोट आली आणि तिला बैल जुंपले गेले. तेलाच्या घाण्याला बैल, उसाच्या चरकाला बैल, बांधकामाचा चुना मळायला बैल. ज्या कामाचा माल बाजारात विकला जाई, त्या कामातून माणसाचा खांदा सुटला आणि तिथे जनावराचा आला. पिठाच्या वाट्याला तो आला नाही. पाण्यावर चालणारी चक्की माहीत नव्हती म्हणावं, तर ती मराठवाड्यातच उभी आहे. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की अठराव्या शतकातली आहे. मातीच्या नळांतून लांबवर आणलेलं पाणी उंचावरून सोडून तिचा दगड फिरवला जाई. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी तिथे दळण होत असे. म्हणजे जिथे एका जागी शेकड्यांनी माणसं जेवायची आणि ज्यांच्यासाठी दळायला घरची बाई नव्हती, तिथे शहाण्या माणसांना यंत्र सुचलं. घरात बाई होती, म्हणून तिथे ते सुचायचं कारण पडलं नाही.

याला दोन उत्तरं दिली जातात. पहिलं पाण्याचं. मराठवाड्याच्या नद्या उन्हाळ्यात आटतात, खुद्द गोदावरीचं पात्र गंगाखेडला वैशाखात रोडावतं, तेव्हा पाणचक्क्या गावोगाव कशा चालणार? ठीक, पण बैल आटत नव्हते. घाण्याला फिरणारा बैल जात्याला फिरवण्यात तांत्रिक अडचण कोणती? दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे, आणि ते ज्वारीतच आहे. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना तुटते, कडा चिरतात. गव्हासारखा चिकटपणा तिला मुळातच नाही. ताजं पीठ आणि आधणाचं पाणी यांच्या जोरावर ती भाकरी होते. तेव्हा आठवड्याचं दळण एकदम करून ठेवण्यात अर्थ नव्हता, रोजचं रोज दळणं भागच होतं, असं हे म्हणणं. पहाटेच्या दळणाचं हे कारण मला पटतं. मात्र दळण रोज का, एवढंच त्यातून कळतं. ते तिनंच का, याचं उत्तर त्यात नाही. आणि पुढे गिरणी आल्यावर काय झालं ते पाहिलं, की या कारणाचा खरा जोर किती होता तेही दिसतं. दळणाचा डबा चार-पाच दिवसांतून एकदा गिरणीवर जाऊ लागला. पीठ गरम होतं, भाकरीला गोडी नाही, अशी कुरकुर घरोघर झाली, आणि तीच भाकरी खाऊन लोक कामाला गेले. चार दिवसांच्या पिठावर संसार चालू शकत होता. चवीच्या त्या थोड्याशा फरकापायी शतकानुशतकं कुणाच्या झोपेचे दोन तास गेले, एवढं फक्त विचारायचं राहिलं होतं.

‘पण तो व्यायामच होता ना?’ हा सर्वांत लोकप्रिय आक्षेप. त्याला बळ देणारी आकडेवारी मी वर स्वतःच दिली आहे: नौकास्पर्धेतल्या मुलींहून मजबूत दंड. पण हाड जाड होतं ते वारंवार भार पडल्यानं, भार हौसेचा की सक्तीचा हे हाडाला कळत नाही. व्यायाम आणि श्रम यांतला फरक स्नायूत सापडत नाही, तो स्नायूच्या भोवतालच्या व्यवस्थेत सापडतो. तालमीतला पैलवान पाहा. जोर मारताना, मुद्गल फिरवताना तो हेच डेल्टॉइड, हेच लॅटिसिमस, हेच ट्रॅपेझियस कामाला लावतो. त्याला मात्र खुराक असतो, दूध-तूप-बदाम असतात, मालिश असतं, उस्ताद असतो, दुखावला तर विश्रांती असते, आणि जोर वाढवायचे ते हळूहळू, अंग पाहून. दळणाऱ्या बाईला यातलं काहीच नव्हतं. ती सगळ्यांच्या मागून जेवायची, भाकरी उरेल तेवढी खायची. बाळंतपणाचे दिवस सरले की पुन्हा खुंटा हातात यायचा. भार तिच्या ताकदीवर ठरत नव्हता, तो घरातल्या तोंडांवर ठरत होता. दुखण्यानं काम थांबत नसेल, तर स्नायू सुधारायला लागणारा वेळ त्याला मिळत नाही, आणि तो वेळ मिळाला नाही की तेच काम झीज घडवतं. यावर कुणाचा विश्वास बसत नसेल त्यानं तुरुंगाकडे पाहावं. इंग्रजी अमदानीत सक्तमजुरीच्या कैद्याला जी कामं दिली जात, त्यांत जातं ओढणं होतं. सरकारनं ज्याला शिक्षा मानलं, ते घरात सुनेचं रोजचं काम होतं. कैद्याची मुदत तरी ठरलेली असे.

ओव्यांचा आक्षेप जास्त नाजूक आहे. इतकं सुंदर गाणं ज्या कामातून आलं, ते काम निव्वळ यातना कसं असेल? हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी पुण्याहून ऐंशीच्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखांहून जास्त ओव्या जमल्या. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यांत आहेत. हा महाराष्ट्राचा मोठा ठेवा, याबद्दल दुमत नाही. पण गाणं हा सुखाचा दाखला असतो, हे गृहीत कुठून आलं? जगभर जड आणि एकसुरी कामांना गाणी आहेत: दोर ओढणाऱ्या खलाशांना, मळ्यांवरच्या गुलामांना, खडी फोडणाऱ्या कैद्यांना. लय श्वास बांधते, दोन माणसांचे हात एका वेळी चालवते, फेऱ्यांची मोजदाद विसरायला लावते. शरीराची ती गरज असते. आणि या संग्रहात बायका गातात तरी काय? माहेर, भाऊ, विठ्ठल हे आहेच. सासुरवास आणि बाईच्या जन्माचं दुःख हेही तितकंच ठळक आहे. पहाटेची ती वेळ तिची एकटीची होती, म्हणून मनातलं बोलायला तेवढीच जागा होती. गाण्याला ती जागा दुसरीकडे मिळाली असती तर बिघडलं नसतं.

या बाबतीत परंपरा आपल्या आजच्या हळहळीपेक्षा जास्त सरळ बोलते. गंगाखेडची जनाबाई पंढरपुरात नामदेवाच्या घरी दासी. तिच्याबरोबर विठ्ठल दळू लागतो अशी कथा, आणि तिचं म्हणून दाखवलं जाणारं जातं पंढरपूरजवळ गोपाळपुरात आहे. भक्तीचा अर्थ बाजूला ठेवून त्या कथेकडे श्रमाच्या बाजूनं पाहा. देव तिला भाकरी आयती देत नाही, सोनं देत नाही. तो समोर बसून खुंट्याला हात लावतो. एकटीनं दळणं आणि दोघांनी दळणं यांतला फरक ज्या समाजाला पाठीत कळत होता, त्यालाच असा चमत्कार सुचतो. आणि तो चमत्कार ठरतो त्याचं दुसरं कारण असं, की जात्याला हात लावणारा पुरुष माणसांत मिळत नव्हता.

मिळाला तो फार उशिरा, आणि त्यानं दळणाचा पुरस्कारच केला. जोहान्सबर्गला असताना गांधीजींनी सात पौंडांना हाताची चक्की विकत घेतली; एकट्याला ती जड जाई, दोघांना सोपी, असं त्यांनीच आत्मचरित्रात नोंदवलं आहे. ते, त्यांचे सहकारी पोलाक आणि मुलं मिळून दळत, कस्तुरबा अधूनमधून. पुढे १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीतून गिरणीच्या पिठाऐवजी हातदळणाचा प्रचार झाला. त्यांचे दोन मुद्दे होते. हातानं दळलेलं पीठ अधिक पौष्टिक. आणि गिरणीमुळे दळण-कांडणावर पोट भरणाऱ्या गरीब बायकांचा, विशेषतः विधवांचा रोजगार बुडतो. पहिला मुद्दा मोठ्या कारखान्यातल्या मैद्याला लागू पडतो. खेड्यातली गिरणी कोंडा वेगळा काढत नाही, तिच्यातून येते ती सबंध दाण्याचीच पिठी. दुसरा मुद्दा खरा होता आणि त्याची चेष्टा करू नये. दळण-कांडण करून पोरं वाढवलेल्या बायका या महाराष्ट्रात कमी नाहीत. पण ज्या कामाशिवाय विधवेला दुसरा आधार नाही, ते काम टिकवावं की तिला दुसरा आधार द्यावा, हा निवड करण्याचा प्रश्न आहे, आणि पहिला पर्याय स्वस्त असतो म्हणून तो नेहमी पुढे येतो. गांधीजींची चक्की स्वतः निवडलेली होती, दोघांची होती आणि घरातल्या पुरुषानं ओढलेली होती. ती ज्या अटींवर चालली, त्या अटी एखाद्या वाडीवरच्या घरात जशाच्या तशा असत्या, तर हा लेख लिहायचं कारण उरलं नसतं.

खेड्यापाड्यांत गिरणी पोचली ती आधी तेलाच्या इंजिनावर. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ला सुरू झाली. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० चं, आणि त्यानंतर गावांत वीज जसजशी शिरली तसतशी विजेची चक्की आली. राणीसावरगावसारख्या मोठ्या गावात ती आधी येणार आणि भोवतालच्या वाड्या-तांड्यांवरच्या बायका दळण डोक्यावर घेऊन तिथे चालत येणार, हे ओघानंच आलं. दळणाला पैसे पडतात म्हणून कुरकुर करणारे कारभारी होते, आणि त्याच पैशांनी पहिल्यांदा या कामाला किंमत आहे हे सिद्ध झालं. जात्यांना टाकी लावत गावोगाव फिरणाऱ्या टकारी कुटुंबांचा धंदा या बदलात बसला. सुटकेची किंमत ज्यांनी मोजली त्यांत त्यांचं नाव घ्यायला हवं. जातं लग्नातल्या हळदीपुरतं उरलं. खांदा मात्र पुरता मोकळा झाला, असं म्हणता येत नाही. याच गंगाखेड तालुक्यातून दर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई हात खांद्याच्या वर धरूनच चढते. त्यातून खांद्याला होणारी इजा जात्याच्या इजेपेक्षा वाईट आहे. पण त्या श्रमाला निदान मजुरी आहे, मुकादम आहे, भांडायला समोर कुणी तरी आहे.

परभणीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. ज्यांनी लहानपणापासून रोज जातं ओढलं, अशा बायका आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडून ओव्या घेतल्या गेल्या. आता त्यांच्या परवानगीनं त्यांच्या खांद्याची हालचाल, कण्याचा बाक, दंडांच्या हाडांची घडण आणि दळणाची वर्षं यांची नोंद या दोन संस्थांनी मिळून करावी, आणि ती राणीसावरगावच्या परिसरापासून सुरू करावी. पाच-सात वर्षांपलीकडे हे काम ढकलण्यासारखं नाही.